अर्ज कोणी भरला?

“वहिनी, माझ्या नावावर शेतकऱ्यांचं अनुदान उचललंत? मी सरकारी नोकर आहे, हे ठाऊक असून?”

हृषीकेशचा आवाज एवढा चढला, की दूरच्या शहरातल्या सेक्टर तीसच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्याच्या बायकोच्या, इंद्रायणीच्या खांद्यावर नुकताच डोळा लागलेली तीन महिन्यांची अवनी दचकून रडू लागली. गावाकडून वसुलीची नोटीस मोबाईलवर आली होती, आणि अर्जावर नंबर होता त्याच्या विधवा भावजयीचा... नीलाताईंचा!

कणकेचे हात तसेच धरून नीलाताईंनी एकवार, फक्त एकवार, धाकट्या जावेकडे पाहिलं.

“चुकलं भाऊजी. मीच भरला.”

इंद्रायणीने अवनीला घट्ट धरलं. लग्नाच्या वर्षी गावी, नीलाताईंच्या फोनवरून तो अर्ज तिनेच भरला होता! ‘घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?’ यापुढे ‘नाही’ तिनेच निवडलं होतं... हे तर संशोधक, कचेरीतले साहेब थोडेच, अशी स्वतःची समजूत घालत! एम.कॉम. सुनेचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! गावच्या सामायिक खात्यात हप्ते येत राहिले, त्यातून दोन्ही भावांच्या वाट्यांतल्या सोयाबीनचं बियाणं येत राहिलं. आणि पुढे नियम नीट कळल्यावरही ती गप्पच बसली होती.

“लॅबमध्ये चौकशी लागली तर मी काय उत्तर देऊ? तसं लिहूनच द्या. उद्याचं तिकीट काढतो तुमचं.”

“लिहून दिलं तर माझ्या वाट्याचा हप्ता...?”

“बंद होणार. खोटा अर्ज भरणाऱ्याचा होतोच!”

नीलाताईंनी मान डोलावली. “इंदू, तुझं अक्षर चांगलंय. तू लिही, मी सही करते.”

अवनीला मांडीवर घेऊन इंद्रायणी कागदाशी बसली. ‘मी, नीला श्रीराम ठोंबरे...’ एवढं उतरलं आणि पेन अडलं. पेरणी टाकून धावत आलेली ही बाई! सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात आठ दिवस बाकावर बसून आजारी अवनीसाठी झुरलेली ही बाई... आणि आपण? आपण तिच्या पोटावरचा पाय सुवाच्य अक्षरात लिहून देतोय! ती ओळ तिने खोडली, खाली नवी लिहिली, आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला.

“इंद्रायणी हृषीकेश? हे काय?”

“अर्ज मी भरला. समजून-उमजून. ताई खोटं बोलल्या... माझ्यासाठी!”

हृषीकेश भावजयीकडे वळला. “वहिनी, तुम्ही का पण...”

“ती ओली बाळंतीण, भाऊजी. तुमचा राग तिला सोसवला नसता. मला काय, मी सोसलेली आहे.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मान वर न करता तो म्हणाला, “तिकीट नको... राहा वहिनी.”

“राहिले तर पेरणी कोण करणार? रविवारी जाईन,” म्हणत नीलाताईंनी रडणाऱ्या इंद्रायणीच्या मांडीवरून अवनीला उचललं आणि कागदाकडे बोट केलं. “सही नीट कर गं, शिकलेली ना तू? आणि ऐका भाऊजी, ते पैसे परत भरायचे त्यातले निम्मे माझे. बियाणं माझ्याही वावरात पडलंय.”