ठेंगणं दार

वार्तिनाला त्या दारातून काय मिळणार होतं, याचा हिशेब तिनं दार घरी यायच्या आधीच करून ठेवला होता. हवेलीतल्या बू कुसुमानिंगची मान, वीतभर खाली, एकदाच. बाकीचं सगळं, जुनं सागवान, मठारलेलं तांबं, पितळी कड्या, ही त्या एका मानेभोवतीची सजावट.

सोलो शहरातल्या त्या गल्लीत कुणाकडे चार पैसे आले की तो चकचकीत फरशी बसवी आणि काचेचं कपाट आणी. वार्तिना बाजारातल्या आपल्या दुकानाच्या कमाईतून मोडलेली घरं विकत आणत होती. तिचं जेवणाचं टेबल साखर कारखान्याच्या रुळांखालच्या ओंडक्यांचं होतं; खिळ्यांची भोकं तशीच ठेवून तिनं त्यात पितळेचा रस ओतून घेतला होता. भात कांडायचं जुनं लाकडी उखळ आता बैठकीत बाक म्हणून आडवं पडलं होतं. तांबं माहेरचं. तुमांग गावात तिचा भाऊ अजून हातोडीनंच तांबं मठारत होता. त्याच्याकडून दिव्यांच्या टोप्या आल्या, हात धुवायचं घंगाळ आलं आणि भिंतीवर लावायला परातीएवढी एक ताटली आली. आठवड्यातून एकदा चिंच लावून घासली की सकाळच्या उन्हात बैठकीभर मधाचा रंग पसरे.

"घर आहे की तांबट आळी?" नवरा सुगेंग म्हणायचा.

"तांबटाचीच मुलगी केलीत ना? मग भोगा."

या तांबटपणाचाच तर हिशेब होता. छत्तीस वर्षांपूर्वी वार्तिनाचा बाप बू कुसुमानिंगच्या हवेलीत भाताचं तांब्याचं मोदकपात्र पोचवायला गेला होता, आणि झाकण घेऊन अकरा वर्षांची वार्तिना मागे. तिथं मोठ्या माणसांसमोर उभ्यानं चालायची पद्धत नव्हती. उकिडवं बसायचं, एक पाय पुढे, मग दुसरा. अख्खा मंडप तिनं तसा पार केला. मधेच झाकण फरशीवर आपटून घणघणलं, तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "तांबटाची पोर ना? वाजणारच."

आता त्याच खुर्चीचा नातू, पांजी, वार्तिनाच्या लारासशी लग्न करायचं म्हणून हटून बसला होता. आजीबाईंनी निरोप धाडला होता: आधी घर बघू, मग मागणी घालायची की नाही ते ठरवू. लारास आठ दिवस नीट जेवली नव्हती.

म्हणून कुदुसहून गेब्योक आलं. गेब्योक म्हणजे जुन्या घरातली कोरीव सागवानी भिंत, मधोमध ठेंगणं दार. दार मुद्दामच ठेंगणं, आत येणाऱ्यानं वाकावं म्हणून. राजा आला तरी वाकेल. वार्तिनानं तीन गावं पालथी घालून सगळ्यात ठेंगणं शोधलं होतं.

जुनं लाकूड विकणारा म्हातारा गाडीबरोबर आला होता. बसवून झाल्यावर वार्तिना दारात जाऊन उभी राहिली. कपाळपट्टी तिच्या कपाळावर टेकली.

"हे काय? मलाही वाकावं लागणार?"

"घरची बाईही वाकूनच जाते, बू," म्हातारा म्हणाला. "तशीच रीत आहे."

"पाहुण्यांनी वाकायचं. माझ्याच घरात मी का वाकू?" तिनं सुताराला हाक मारली. "पाक जुमादी, चौकटीखाली पट्टी घाला. माझ्या डोक्यावर दोन बोटं राहतील एवढीच. जास्त नको हं, नाहीतर ती बाई ताठ आत येईल."

जुमादीनं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसला. जुमादीनं पट्टी घातली.

पहिल्या आठवड्यात गंमतच झाली. सुगेंग उंच, तो रोज एकदा आपटायचा. गॅसचं सिलिंडर आणणारा कमरेत वाकून यायचा. वार्तिना दाराकडे पाठ करून बसायची आणि समोरच्या तांब्याच्या ताटलीत बघायची. एकेक डोकं खाली जाताना दिसलं की तिला चहा जास्त गोड लागायचा.

मग बू तुमिराह आली. शेजारीण, वार्तिनाच्या कानाएवढी. दारात तिचं कपाळ खाडकन आपटलं.

"अगं, तू कशी काय आपटलीस?" वार्तिना हसत सुटली.

"दार खाली आलंय तुझं," तुमिराह कपाळ चोळत म्हणाली. "मी डोळे उघडे ठेवून चालत होते, काय आंधळी आहे?"

वार्तिना उठली, ताठ मानेनं दारातून बाहेर गेली, आत आली. कुठंच अडली नाही. डोक्यावर दोन बोटं होती. तीन असावीत.

जुमादीला बोलावलं. त्यानं टेप लावली: एकशे बावन्न. बसवलं तेवढंच. मात्र टेप गुंडाळून बाहेर जाताना तो गुडघ्यापर्यंत वाकला. आपण एवढे वाकलो हे त्याला बाहेर गेल्यावर कळलं असावं, कारण तो वळून दाराकडे बघत राहिला.

"आणि जाता जाता हे टेबल बघा," वार्तिना आतून म्हणाली. "उंच केलंयत तुम्ही. कोपर टेकत नाही."

"टेबलाला मी हात लावला नाही, बू."

तो पुन्हा आत आला नाही. पाठीमागच्या दारानं हत्यारं मागवून घेतली.

पण वार्तिनाला तक्रार करायला सवड नव्हती. घर कसं प्रशस्त वाटायला लागलं होतं. छत उंच गेलं होतं, बैठक लांब झाली होती, दिवे अगदी देवळातल्यासारखे वरून लोंबत होते. जुन्या लाकडानं घराला बरकत येते म्हणतात, ती ही असणार. फक्त लारास अधूनमधून चीड आणायची. लारासची उंची आईइतकीच, पण मुलगी सवयीनं दारात मान लववून जायची.

"कशाला वाकतेस गं? तुला लागत नाही."

"बरं दिसतं, इबू."

"त्यांच्यासमोर बरं दिसायला नको. त्या दिवशी तू माझ्यासारखीच यायचंस. ताठ."

ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला गाड्या आल्या. सोळा माणसं, हातात चिकट भाताच्या मिठाईची ताटं. नाती अशीच चिकटून राहावीत म्हणून आणायची ती. पांजी सगळ्यांच्या मागे, घामाघूम. सगळ्यांच्या पुढे बू कुसुमानिंग, त्र्याहत्तर वर्षांची, काठीशिवाय, पाठीचा कणा सुतारानं ओळंबा लावल्यासारखा.

दाराशी ती थांबली.

वार्तिनानं आतून, गोड आवाजात म्हटलं, "या ना, आजी. घर तुमचंच आहे."

बाईनं मान वाकवली. कपाळ लाकडाला लागलं.

तिनं कंबर वाकवली. अंबाड्यातला पितळी काटा कपाळपट्टीवर किणकिणला.

मागे कुणीतरी म्हणालं, "आजी, अहो एवढं कशाला वाकता, दार तर..."

"गप्प बस. दार तेवढंच आहे."

वार्तिना ताटलीत बघत होती. तांब्यात दाराची चौकट तिला बाकाएवढी दिसत होती.

मग बाईनं रेशमी लुंगीच्या निऱ्या सावरल्या आणि ती उकिडवी बसली. एक पाय पुढे. मग दुसरा.

फरशीवर चपलेचा तळ घासल्याचा आवाज येत होता, बस.

वार्तिनाचा ऊर भरून आला. बाप असता तर, असं तिच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. छत्तीस वर्षं तिनं हे वीतभर मागितलं होतं, दारानं जमिनीपर्यंत दिलं.

आत आल्यावर बाई उभी राहिली. पुन्हा तशीच, ओळंब्यात. मागून पंधरा जण तसेच आले, नवरदेवासकट, आणि तेही उभे राहून कपडे झटकू लागले. तेवढ्यात लारास चहाचं ताट घेऊन बाहेरच्या ओसरीतून आली. आईनं सांगितल्याप्रमाणे, ताठ. दारात एकदा थबकली, पण वाकली नाही.

बू कुसुमानिंग मुलीकडे बघत होती. मग तिनं दाराकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत.

"चौकटीखाली पट्टी कुणी घातली?"

"मी," वार्तिना म्हणाली. हनुवटी वर करून.

बाईचा चेहरा बदलला. रागाचा नव्हता तो. तिनं वार्तिनाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, जसं कापड घेताना बघतात, किती भरेल ते.

"मुलगी मला पसंत आहे," ती म्हणाली. "लग्न लवकर उरका. आणि मुलगी आजच आमच्याबरोबर पाठवा. मागच्या दारानं."

"आजच? लोक काय म्हणतील! लग्न होईपर्यंत ती याच घरात राहील आणि याच दारानं येईल-जाईल."

"बरं," बाई म्हणाली. चहाला तिनं हात लावला नाही. जाताना पुन्हा तशीच, एकेक पाय टाकत गेली. या वेळी दारात तिनं कपाळपट्टीला हात जोडले.

गल्लीनं त्या दिवसाच्या गोष्टी महिनाभर चघळल्या. हवेलीतली बाई तांबटाच्या मुलीच्या घरात उकिडवी चालत आली! बाजारात लोक वार्तिनाला वाट देऊ लागले. ती मुद्दाम दिवसातून दहा वेळा त्या दारातून ये-जा करायची, लारासलाही करायला लावायची. दोन महिन्यांनी लग्न झालं, असं झालं की सोलोत तसं कुणी बघितलं नव्हतं: सागवानी मंडप, तांब्याचे दिवे, चारशे पानं.

फोटो आल्यावर वार्तिनानं मागणीच्या दिवसाचा आणि लग्नाचा असे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. खिळे सुगेंगनं ठोकले. तिचा हात पोचत नव्हता. पहिल्या फोटोत तिचं डोकं सुगेंगच्या खांद्याशी होतं. दुसऱ्यात कोपराशी. ती बराच वेळ बघत राहिली. मूर्ख नव्हती ती. आयुष्यभर तिनं मापानंच माल विकला होता. सोळा माणसं वाकली होती आणि सोळाही जशीच्या तशी उभी राहून घरी गेली होती.

"स्वस्तात पडलं," ती शेवटी म्हणाली, आणि हसली.

सुगेंग हसला नाही. त्यानं दोन्ही फोटोंच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं, तिथं लारास पांजीच्या शेजारी उभी होती. पहिल्या फोटोत अनवाणी, नवऱ्याच्या कानापर्यंत. दुसऱ्यात त्याच्या छातीशी. लग्नाच्या चपलांना टाचा होत्या, चांगल्या चार बोटं उंच.