विंगेतला प्रॉम्प्टर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे सगळं आत्याने मला शपथेवर सांगितलंय. आणि आमची आत्या म्हणजे भुतांच्या सिनेमात खुशाल घोरणारी बाई. उगाच काहीबाही सांगणारी नव्हे.

बुधवार होता. भर दुपारचे सव्वातीन. जागा, वाचनालयाच्या तळघरातली जुन्या चित्रांची खोली.

फाटक्या, डागाळलेल्या चित्रांची डागडुजी करणं हे आत्याचं काम. खोलीत माणसं दोनच, ती आणि तिचे सख्खे मामा. हे काम तिला त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

त्या वर्षी कपाटातली दोन चित्रं गायब झाली. चाव्या दोघांकडेच. वाचनालयाचे साहेब आत्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "मामांवर जरा लक्ष ठेवा."

आत्या तेव्हा भडकली. पण संशयाचा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

त्या दुपारी टेबलावर दीडशे वर्षांपूर्वीचं छापील चित्र होतं. नाटकातला प्रवेश. राजा मरतोय, राणी ऊर बडवतेय. आणि बाजूला विंगेत, वही धरून उभा असलेला प्रॉम्प्टर. नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगणारा.

चित्र धुण्याआधी आत्या त्यावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक डाग, प्रत्येक रेघ पेन्सिलीने गिरवून घ्यायची. वाळल्यावर तोच कागद ठेवून ताडून पाहायची. मामांनीच लावलेली शिस्त.

ती जेवून आली तोवर चित्र वाळलं होतं. तिने कागद वर ठेवला. सगळं जुळलं.

फक्त प्रॉम्प्टर...

कागदावर त्याचे ओठ मिटलेले होते. चित्रात ते उघडे होते.

भूतबीत तिच्या मनातही आलं नाही. मामांनी चित्र बदललं! मी जेवायला गेले तेवढ्यात!

मामा चहाचे कप घेऊन आले. "काय गं, तोंड पाडून का बसलीस? मीठ कमी होतं का डब्यात?"

ती बोलायला तोंड उघडणार, तोच...

टेबलावरून कुजबुज आली. "चावी ठेवा आणि निघा."

"चावी ठेवा आणि निघा," आत्या म्हणाली.

मामा हसले. त्यांना मस्करी वाटली.

पुन्हा कुजबुज... "चोर आहात तुम्ही."

"चोर आहात तुम्ही!"

मामांचं हसू मावळलं. त्यांनी कप ठेवले, चावी ठेवली. "असं होय," एवढंच म्हणाले आणि गेले. चष्मा टेबलावरच राहिला.

आत्याने कागद पुन्हा उजेडात धरला. तिच्याच हातची पेन्सिलीची रेघ...

कागदावरचेही ओठ आता उघडे होते.

दुसऱ्या दिवशी गायब झालेली दोन्ही चित्रं सापडली. साहेबांच्याच कपाटात, जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात.

आत्या मेल्याहून मेल्यासारखी झाली. तळघरात टेबलापाशी येऊन तिने फोन लावला. "मामा, चुकले हो मी. माफ करा."

पलीकडून मग...

हळू, पुटपुटल्यासारखा आवाज. मामांचा नव्हता. "माझा राग नाही, पोरी."

पाठोपाठ मामा म्हणाले, "माझा राग नाही, पोरी."

आत्याने टेबलावरच्या चित्राकडे पाहिलं. राजा होता, राणी होती. विंग रिकामी होती.

मामांना जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत ते आत्याशी गोडच बोलले. आणि प्रत्येक वेळी, त्यांच्या बोलण्याच्या आधी, आत्या श्वास रोखून कान द्यायची.

परवा तिने मला विचारलं, "त्यांनी खरंच माफ केलं असेल का रे मला?"

मी 'हो' म्हणणार होतो. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"थांब. आधी ऐकू दे."