उर्सुलाचे हात

लॉर्ड ॲम्ब्रोज हॅसलवुडला आपल्या कबरीचं कोण कौतुक! शेजारच्या जहागिरीच्या अर्लने जिवंतपणीच सोनेरी मुलाम्याची कबर बांधून घेतली, तेव्हापासून ह्याला चैन नव्हतं. आता हॅसलकोटच्या चर्चमध्ये, उत्तरेच्या भिंतीलगत, दुधी दगडाचा ॲम्ब्रोज चिलखत घालून आडवा झाला होता. शेजारी दगडाचीच त्याची बायको फिलिपा, पायथ्याशी गुडघे टेकलेली त्यांची दोन मुलं, गिल्बर्ट आणि उर्सुला. पाळण्यातच गेलेल्या गिल्बर्टच्या हातात रीतीप्रमाणे कवटी होती. आईबापांआधी गेलेल्या पोराच्या हातात कवटी द्यायची आणि हयात असलेल्याचे हात जोडलेले दाखवायचे, अशी रीत.

"नाक फार लांब केलंय हो ह्यांचं," फिलिपा म्हणाली होती.

"कमीच केलंय, बाईसाहेब," कारागीर टोबायस म्हणाला, आणि सगळ्यात मोठ्यानं हसला तो ॲम्ब्रोजच.

पण ते हसणं उर्सुला तापानं अंथरुणाला खिळायच्या आधीचं. दहा वर्षांची पोर काडीसारखी झाली. वैद्यानं नाडी पाहून मान हलवली आणि पाद्रीबाबांना बोलवा म्हणाला. त्याच दिवशी टोबायस टोपी हातात घेऊन चर्चच्या दारात ॲम्ब्रोजसमोर उभा राहिला.

"सरकार, रागावू नका. उर्सुलाबाईंचे हात तेवढे राहिलेत. कसे करू?"

"आत्ताच विचारायचं सुचलं तुला?"

"एकदा कोरलेल्या दगडात मागून भर घालता येत नाही, सरकार. कवटी करायची तर आताच..."

 पोर घरी अजून श्वास घेत होती, आणि इथे बापानं तिच्या हातात काय द्यायचं ते ठरवायचं!

"हात लावू नकोस त्या दगडाला," तो म्हणाला. "चालता हो."

त्यानं स्वतः दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

तो घरी पोचला, तर उर्सुला उशीला टेकून बसलेली. "बाबा, भूक लागलीय," ती म्हणाली. दोन लढायांत ज्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, तो माणूस पलंगाशी बसून पोरासारखा रडला. त्यानं देवाचे आभार मानले, दाईचे मानले, जिचं दूध उर्सुला प्यायली त्या गाईचेसुद्धा मानले. गावात घंटा वाजल्या, अख्खा बैल भाजला गेला, बिअरची पिंपं रिकामी झाली.

रविवारी आभाराची प्रार्थना होती. ॲम्ब्रोजनं कुलूप उघडलं. उर्सुलाच्या मूर्तीचे हात पुरे झाले होते. छान जोडलेले, नखं न् नखं कोरलेली.

"वा रे पठ्ठ्या! कुणी उघडून दिलं तुला?"

टोबायसचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही केलं, सरकार. आणि ती... ती मागची कोण?"

उर्सुलाच्या मूर्तीमागे आणखी एक मुलगी गुडघे टेकून बसली होती. सहासात वर्षांची, खऱ्या पोरीएवढी. तिच्या हातात कवटी होती. टोबायसनं तळाशी बोटं फिरवून पाहिली. सांधा कुठेच नव्हता.

"इथे एवढा दगडच नव्हता, सरकार."

उर्सुला मात्र टाळ्या पिटत पुढे आली. "अय्या, ही इथे होय! माझ्या पलंगाशी बसायची ही. म्हणाली, तुझं ओझं मी धरते, तू ऊठ."

"नाव काय गं तिचं?" ॲम्ब्रोज म्हणाला.

"विचारलं मी. म्हणाली, अजून ठेवलं नाही. तुम्हीच ठेवणार म्हणे."

ॲम्ब्रोज फरशीवर गुडघ्यांवर बसला. भीती वाटत होती, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. "पोरी, तू कोण आहेस मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही."

फिलिपा बसली नव्हती. ती पोटावर हात ठेवून खांबाला टेकली होती.

"अहो," ती म्हणाली, "आज घरी गेल्यावर तुम्हाला सांगणारच होते मी."

टॅबिथा जन्मली ती ठणठणीत. दोन वर्षांची झाली आणि तिचा चेहरा त्या मूर्तीसारखा दिसू लागला, तेव्हा ॲम्ब्रोजनं टोबायसला परत बोलावलं आणि ती मागची मूर्ती फोडायला सांगितली. छिन्नीचा पहिला घाव बसला, आणि घरी उर्सुला जेवता जेवता ताटावर कोसळली. नोकर धावत सांगायला आला, आणि दुसरा घाव ॲम्ब्रोजनं घालू दिला नाही.

त्यानंतर त्यानं गाऱ्हाणं मांडलं नाही. उर्सुला मोठी झाली, गाऊ लागली, तिचं लग्न ठरलं. टॅबिथा तर नुसता दंगा! कुत्र्यांना बापाची टोपी घालायची, पाद्रीबाबांची नक्कल करायची. रोज सकाळी दोघींचा आवाज ऐकला की तो डोळे मिटून म्हणायचा, "देवा, आजचाही दिवस दिलास, तुझे फार उपकार." आणि ते मनापासून असायचं.

दर ईस्टरला टॅबिथा त्या मूर्तीशेजारी गुडघे टेकून बसे. "अजून ठेंगणीच गं तू," तो म्हणे, आणि त्याचा जीव भांड्यात पडे.

या ईस्टरला दोघींचे खांदे एका रेषेत आले.

 उर्सुला पुढच्या बाकावर मान खाली घालून प्रार्थना करत होती.

टॅबिथानं मूर्तीच्या हाताला हात लावला आणि पुढचा दात जिभेनं हलवत वळून पाहिलं.

"बाबा, गंमत बघा. हिच्या हातातली कवटी माझ्या दातासारखी हलायला लागलीय."