सहा फोटो शिल्लक होते

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

गेल्या महिन्यातला रविवार. दुपारचे चार. नदीवरचा लोखंडी पूल.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात रोल अडकला होता. छत्तीसपैकी तीस फोटो काढलेले. अर्धवट रोल धुवायला द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून उरलेले सहा फोटो काढायला आम्ही भावंडं निघालो. तो कॅमेरा माझ्या गळ्यात होता, दादाच्या गळ्यात बाबांचा दुसरा.

मी पुलाचा फोटो काढला. बाबांच्या सवयीप्रमाणे लगेच रोल पुढे सरकवणारा लिव्हर ओढून ठेवला. काउंटर एकतीसवर. दोन्ही हात कठड्यावर टेकले.

आणि छातीवर...

खट्.

मग लिव्हर सरकल्याचा आवाज. सावकाश... कर्रर्र.

काउंटर बत्तीसवर.

"दादा, तू हात लावलास?"

"मी इथे दहा हातांवर आहे, बाई. म्हातारा झालाय तो कॅमेरा. एकाचे दोन मोजतोय."

दादाचा फोटो काढला. पुन्हा तेच. होड्यांचा काढला. पुन्हा तेच.

माझे तीन. रोल मात्र संपला होता.

चार दिवसांनी रोल धुणाऱ्या काकांचा फोन आला. "ताई, आजारी माणसाच्या खोलीत कसले फोटो काढायचे?"

मी जाऊन पाहिलं. निगेटिव्हची पट्टी अखंड होती. पूल... मग एक खोली. दादा... पुन्हा खोली. होड्या... पुन्हा तीच खोली.

उशीच्या उंचीवरून काढलेली. पांढऱ्या चादरीची कड, भिंतीवरचं घड्याळ, शेजारी खुर्ची. घड्याळात चार दहा. चार चाळीस. पाच पाच.

बाबा दवाखान्यातल्या त्याच खोलीत पाच दहाला गेले. मी तेव्हा वाटेत होते. कॅमेरा माझ्या कपाटात कुलपात होता, किल्ली माझ्या पर्समध्ये.

"चारपासून त्यांचा हात हातात धरून बसलो होतो," असं दादाने मला सांगितलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं.

तिन्ही फोटोंत खुर्ची रिकामी होती.

मला भीती वाटली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तसेच ते फोटो दादासमोर टाकले.



"खाली गाडीत बसलो होतो," तो म्हणाला. "मला नाही बघवलं गं."

"मग मला फोन करून सांगायचंस. नर्सला तरी बसवलं असतं मी त्यांच्याजवळ."

त्याने तिसरा फोटो उचलला. चादरीखालून एक हात खुर्चीकडे निघाला होता. अर्ध्यावर थांबला होता.

"हे काढले कोणी?" त्याने विचारलं.

मी त्याच्या हातातून फोटो काढून घेतला.

खोटं का असेना, त्याच्या त्या एका वाक्याच्या आधारावर मी चार महिने झोपत होते. बाबांना ते ठाऊक नसेल? मग हे मला का दाखवलं त्यांनी?

दादाशी मी बोलत नाही.

बाबांच्या फोटोसमोर उभी राहते... पण त्यांच्याशीही नाही.