पळस फुललाच नाही

होळीला आठवडा राहिला होता. गंधाली पिशवी घेऊन आरे कॉलनीच्या रानात आली होती – पळसाची गळलेली फुलं वेचायला. बोरिवलीत ती आणि तिची मावशी त्या फुलांपासून रंग करून विकायच्या. पण झाडाखाली एकही पाकळी नव्हती.

"उशीर केलास. जानेवारीतच फुलून गेला."

मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण उभा होता. भीमराज, घाटकोपरचा. कुठलं झाड कधी फुलतं याच्या नोंदी ठेवणं हे त्याचं काम.

"मग मला कळवायचं ना," ती उगीच फणकारली.

"नंबर दे... पुढच्या वर्षी कळवतो."

पुढच्या वर्षी त्याचा फोन आला, तोही जानेवारीतच. दोघांनी मिळून फुलं वेचली. तिच्या केसांत अडकलेली पाकळी त्याने काढली आणि परत न देता खिशात टाकली. तिने पाहिलं, पण मागितली नाही. त्यानंतर फुलांचं निमित्तही लागेना. अंधेरीला चहा, कधी नुसतंच चालणं.

तिसऱ्या वर्षी थंडी पडलीच नाही. डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला, पळसाची पानं गळली नाहीत आणि एकही कळी धरली नाही. भीमराज दिवसेंदिवस गप्प होत गेला. मार्चमध्ये त्याने तिला झाडाखाली बोलावलं आणि हैदराबादला ऑफिसातली नोकरी घेतल्याचं सांगितलं. झाडं अशी चुकत जाताना आपण नुसते फोटो काढायचे, हे त्याला आता सोसवत नव्हतं.

गंधाली हिरव्यागार फांद्यांकडे बघत राहिली.

"मी फुलांसाठी येत नव्हते रे."

"माहितीय." त्याने पळसाच्या खोडावर हात ठेवला. "मी... हा फुलला की तुला विचारणार होतो. रोज येऊन बघत होतो."

"आता विचार."

"उद्याची गाडी आहे, गंधाली. आणि खरं सांगू? आता माझ्यात काही उरलंच नाही. तुला काय देऊ?"

थांब, म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याचे डोळे पाहून ती गप्प बसली. या रानात तो आणखी वर्षभर राहिला असता, तर पार मोडून गेला असता.

दोघं चालत बसथांब्यावर आले. हात त्यानेच धरला होता. बस आली तेव्हा तिनेच तो हलकेच सोडवून घेतला – त्याला ते जमलं नसतं.