दोन घंट्या

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच घरात, माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तुम्हाला घाबरवून काय मिळणार आहे?

साल १९८१. जानेवारी महिना. गाव नागपूर.

इतकी वर्षं मी याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. आज लिहायला बसले, त्याला कारण आहे. ते शेवटी कळेलच.

माझं नाव शामला. माझे मिस्टर देवराव वीज खात्यात होते. काटोल रोडला क्वार्टर होतं. कुठं लाईन गेली की यांना केव्हाही बोलावणं यायचं, म्हणून आमच्याकडे फोन. अख्ख्या लायनीत फोन फक्त आमच्याच घरी. शेजारणी साखर मागायच्या निमित्तानं यायच्या आणि फोनकडे बघत बसायच्या.

फोन काळा, स्टुलावर ठेवलेला. त्याची घंटी मात्र वेगळी होती, भिंतीवर एका लाकडी पेटीत. दोन पितळी वाट्या आणि मधे टोला.

माझी माय, इंदूबाई, इंदोऱ्यात राहायची. एकटी. माझ्याकडे ये, माझ्याकडे ये, म्हणून मी थकले.

"जावयाच्या घरी राहू मी? लोक का म्हणतीन?"

एवढं बोलून विषय संपायचा. भलती हट्टी बाई.

मग आम्ही एक तोडगा काढला. तिच्या खोलीखाली गणपतरावांचं किराणा दुकान होतं. तिथं फोन होता. रोज दिवेलागणीला माय जिना उतरायची, माझा नंबर फिरवायची, आणि दोन घंट्या गेल्या की ठेवून द्यायची.

दोन घंट्या म्हणजे, मी बरी आहे.

मी फोन उचलायचा नाही. उचलला की गणपतरावांच्या नावावर कॉल चढणार. पण घंट्या आल्याच नाहीत, तर मी समजायचं की मायचं काहीतरी बिघडलं आहे, आणि असेल तशी निघायचं.

त्या काळी पुष्कळ लोक असंच करायचे. आमचं दोन वर्षं छान चाललं होतं.

आणि मग एका संध्याकाळी...

घंट्या आल्या नाहीत.

मी पोळ्या तशाच टाकल्या, रिक्षा केली आणि इंदोरा गाठलं. धावतच जिना चढले. दार ढकललं, तर माय निवांत तांदूळ निवडत बसलेली!

"काय वं शामे, अशा वेळेला?"

"घंट्या काहून नाही दिल्या?" मी ओरडलेच.

"दिल्या ना दोन घंट्या! गणपतरावले इचार."

मी खाली जाऊन खरंच विचारलं. गणपतराव म्हणाले, "माझ्या समोर दिल्या, ताई."

म्हणजे आमचीच घंटी बिघडली.

दुसऱ्या दिवशी टेलिफोन खात्याचे नत्थूजी लाईनमन आले. गोड माणूस, पण बोलका फार. त्यांनी फोन उचलून एक्सचेंजशी बोलून पाहिलं. आवाज स्वच्छ. मग तिकडच्या माणसाला सांगितलं, "घंटी मारून पाह्य जरा," आणि फोन ठेवला.

मी पदराला हात पुसत उभी होते.

नत्थूजींनी पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वाजून तर राहिली ना, ताई."

"कुठं?"

"काय मजाक करता! किती जोरात वाजून राहिली!"

मी पेटीजवळ गेले. झाकण उघडंच होतं.

टोला थरथरत होता. या वाटीवर, त्या वाटीवर. जीव तोडून.

आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं...

नत्थूजींचं बोलणं येत होतं. बाहेर कावळा ओरडत होता, तो येत होता. रेडिओवर बाजारभाव चालले होते, तेही येत होते. समोर वाजणारी घंटी तेवढी नव्हती.

नत्थूजींनी वाट्या बदलल्या. टोला बदलला. वायर बदलली. शेवटी माझ्या समाधानासाठी अख्खी पेटीच नवी बसवली. दरवेळी तेच. त्यांना ऐकू यायचं, यांना ऐकू यायचं, माझ्या पाच वर्षांच्या सुजाताला ऐकू यायचं. मला नाही.

जाताना नत्थूजी चहासुद्धा न घेता गेले. एवढा बोलका माणूस, पण दारातून एकच बोलले. "ताई, घंटी चांगली आहे. आता माझ्या हातात काही नाही."

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी दोन्ही कान तपासले आणि म्हणाले, "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मग हळूहळू बाकीचं लक्षात यायला लागलं.

कुकरच्या शिट्ट्या येईनात. डाळ करपून वास सुटायचा, तेव्हा मला कळायचं.

दूधवाल्याच्या सायकलची घंटी येईना.

दाराची कडी कुणी वाजवली तर येईना. शेजारीण अर्धा तास उभी राहून, शिव्या घालून निघून गेली.

एकदा हे न्हाणीघरातून तणतणत बाहेर आले, ओल्या अंगानं. "अवं, टॉवेल दे म्हणून किती बोंबलून राहिलो मी! बहिरी झाली काय?"

मी यांचं गुणगुणणं ऐकलं होतं. बादलीत पाणी पडलेलं ऐकलं होतं. टॉवेलसाठी मारलेली हाक मात्र ऐकली नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जगातले सगळे आवाज जागेवर होते. गेले होते ते फक्त मला बोलावणारे आवाज.

मी यांना सांगितलं, तर हे हसले. "अवं, आपण छप्पन साली दीक्षा घेऊन ते सगळं सोडलं. भूतंखेतं पण त्यातच गेली. थकली तू, बाकी काही नाही."

मायला मात्र हसू आलं नाही.

मी तिच्या खोलीत बसून सगळं सांगितलं, तसा तिचा चेहरा उतरत गेला. तिनं विचारलं, "माझी हाक येते ना तुले आयकू?"

"येते ना माय. आत्ता बोलूनच तर राहिलो आपण."

"बोलणं नाही म्हणत मी. हाक."

ती उठली आणि आतल्या स्वयंपाकाच्या खोलीत गेली. मी बसून राहिले. स्टोव्हचा फरफर आवाज येत होता. खाली गणपतराव कुणाशी तरी भाव करत होते.

मी वाट बघत होते.

बघत होते...

थोड्या वेळानं माय दारात येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"मारली होती वं. तीनदा मारली."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. लहान पोरीसारखी रडले. तिनं माझी पाठ थोपटली आणि मग तिनंच उपाय सांगितला. "रडू नको. मी रोज घंटी देतोच. तू आपली दिवेलागणीला पेटीवर हात ठेवत जा. टोला हलला की हाताले समजते ना?"

आमच्याकडे बायासुद्धा 'देतो, येतो' म्हणतात. माय शेवटपर्यंत तशीच बोलली.

उपाय लागू पडला. रोज संध्याकाळी मी पेटीवर तळहात ठेवून उभी राहायचे. हाताखाली थरथर व्हायची. एकदा. मग दुसऱ्यांदा. आणि थांबायची. हे घरी असले की मागून म्हणायचे, "आल्या दोन." सुजाताही म्हणायची, "आई, आजीची घंटी!" मला हायसं वाटायचं.

सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती. यांना मौद्याकडे लाईनच्या कामावर जावं लागलं. मुक्काम तिकडेच होता. घरी मी आणि सुजाता, दोघीच.

संध्याकाळ झाली. रेडिओवर गाणी लागली होती. सुजाता खाली बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. मी दिवा लावला आणि पेटीवर हात ठेवला.

थोडा वेळ काहीच नाही.

आणि मग...

हाताखाली थरथर. एकदा.

दुसऱ्यांदा.

थांबली.

"चला, आजी बरी आहे," मी म्हणाले.

सुजातानं पाटीवरून मान वर केली. "आई, घंटी वाजली नाही."

"वाजली गं. माझ्या हाताला कळलं."

"नाही वाजली."

मला वाटलं, रेडिओच्या आवाजात पोरीला कळलं नसेल. माझ्या हातावर माझा विश्वास होता. माझ्या मायनंच शिकवलेली खूण होती ती. आम्ही जेवलो आणि झोपलो.

सकाळी दारात गणपतराव उभे. कडी वाजवून वाजवून दमलेले. शेवटी सुजातानं दार उघडलं होतं.

"ताई, लवकर चला."

मायच्या खोलीतून जिना खाली यायचा, तो खाली एका दारानं बंद व्हायचा. दुपारी आडवी होताना माय त्या दाराला आतून कडी लावायची. माय जिन्यावर पडली होती. कडीपासून हातभर अंतरावर. सकाळी दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांनी ते तोडलं, तेव्हा कळलं.

निरोप मिळून हे मौद्याहून आले होते. डॉक्टर हळूच यांच्या कानात बोलले, पण मी ऐकलं. असले आवाज मला सगळे येत होते.

"काल दुपारी पडल्या असाव्यात. जीव पहाटे गेला. संध्याकाळी कुणी आलं असतं तर..."



मी गणपतरावांना धरलं. "काल संध्याकाळी मायनं घंट्या दिल्या! दोन! मी स्वतः..."



"ताई, काल दुकान बंद होतं. मी सकाळीच भिवापूरला गेलो, पुतणीच्या लग्नाला. आज पहाटेच्या गाडीनं आलो. फोन आत होता, आणि चाबी माझ्या खिशात."

मग तो टोला कुणी हलवला?

घंट्या आल्या नसत्या तर मी निघाले असते. पोळ्या टाकून, अनवाणी निघाले असते. कुणालातरी ते माहीत होतं. म्हणून त्यानं आधी माझ्या मायच्या घंट्या गिळल्या. मग आमचा उपाय पाहून घेतला. आणि बरोबर त्या संध्याकाळी, माझ्या हाताखाली, त्यानं मला सांगितलं की माय बरी आहे.

आणि ती तिथं जिन्यावर मला हाका मारत असेल...

मायला पोहोचवून आम्ही क्वार्टरवर परत आलो. घरात माणसं बसली होती. सगळे गप्प.

आणि घंटी वाजली.

मला ऐकू आली! खणखणीत. एकदा. दुसऱ्यांदा. बंद.

मी किंचाळले. माणसं माझ्याकडे बघायला लागली. यांनी मला धरलं. "काय झालं वं?"

दुसऱ्या कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून कुकर, कडी, दूधवाला, सगळे आवाज परत आले. पुढं यांची बदली झाली, फोन गेला, पेटी गेली. त्या संध्याकाळी टोला कुणी हलवला, याचा उलगडा मात्र आजवर झाला नाही, आणि होईल अशी आशाही मी ठेवलेली नाही.

आता हे नाहीत. मी नागपुरातच, एकटी राहते. सुजाता पुण्याला मोठ्या नोकरीत आहे. ती "माझ्याकडे ये, माझ्याकडे ये" म्हणून थकली. मी जात नाही. मीही माझ्या मायचीच लेक. रोज संध्याकाळी मी तिला मोबाईलवर दोन शब्द पाठवते, 'बरी आहे'. नाही आले, तर तिनं माझ्या शेजाऱ्यांना फोन करायचा, असं आमचं ठरलं आहे.

काल माझा मोबाईल बिघडला. दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बंद पडून होता, आणि संध्याकाळचा मेसेज राहिला. पोरगी काळजीत असेल म्हणून आज सकाळी मोबाईल हातात येताच मी तिला फोन लावला. पण ती तिच्याच कटकटीत होती.

"अगं आई, माझ्या लॅपटॉपचं डोकं फिरलंय. गाणी वाजतात, मीटिंगमधलं बोलणं येतं. पण मेसेज आला की टिंग वाजतं ना, तेवढंच येत नाही. ऑफिसचा माणूस तीनदा बघून गेला. म्हणतो, सगळं बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला ते टिंग ऐकू येतं!"

मी मोबाईल कानाशी घट्ट धरला.

"पण तू नको काळजी करू," ती हसून म्हणाली. "तुझा मेसेज मी डोळ्यांनी बघतेच ना रोज. काल तर दोनदा आला होता. बरी आहे, बरी आहे."

मी तिला काही बोलले नाही. काय बोलणार? आणि बोलून काय होणार?

फोन ठेवला, उठले, आणि दाराची आतली कडी काढून ठेवली. आता ती लावणार नाही.