आधी डिलिव्हरी ठरवा

हातात दोन किलोचा केक असताना कुणाशी भांडू नये, हे आईने मला लहानपणापासून शिकवलंय. पण समोरचा माणूस दारात खांबासारखा उभा राहिला, तर काय करायचं?

"केकवाले मागच्या दाराने," तो म्हणाला.

"आणि ॲडमिशनवाले?"

"पुढच्या."

"मग मी कुठून येऊ? मी दोन्ही आहे!"

तो हसला... आणि पटकन बाजूला झाला. उंच, विस्कटलेले केस, शर्टावर मोठा बिल्ला — 'मला विचारा'. त्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात नव्या मुलांना माहिती द्यायला दुसऱ्या वर्षाची मुलं बसवली होती, त्यांतलाच हा एक. केकची ऑर्डरही त्यांचीच, आमच्या दुकानाला. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि खोक्यावर छत्री धरायच्या नादात मी स्वतः चिंब झाले होते. त्याने खोका माझ्या हातातून घेतला आणि झोपलेलं बाळ ठेवावं तसा अलगद टेबलावर ठेवला. मला ते आवडलं. उगाच खोटं कशाला बोलू?

"विचारा," बिल्ल्यावर बोट ठेवत तो म्हणाला.

विचारायचं पुष्कळ होतं. आमचं केकचं दुकान. घरात आई, आजोबा आणि मी. केकवरची नावं आजोबा काढायचे, अगदी मोत्यासारखं अक्षर. आता त्यांना दिसेनासं झालंय. समोर काय आहे ते फोनने बघावं आणि त्यांना बोलून सांगावं, असं काहीतरी मला बनवायचं होतं. त्यासाठी हवी होती कॉम्प्युटर सायन्सची डिग्री. पण आईची अट — "नुसतं कॉम्प्युटर कॉम्प्युटर करू नकोस. चार वर्षांत कधी काय शिकणार आणि दुकान कधी बघणार, ते पटवून दे. नाही पटलं, तर पुन्हा डिग्रीचं नाव काढायचं नाही."

"सोप्पं आहे," मला-विचारा म्हणाला. "आवडेल तो कोर्स घ्यायचा. मी आल्या आल्या गेम बनवायचा घेतला. पुढचं पुढे!"

"पुढचं पुढे? असे केक केले तर वाढदिवस उलटून जातील! आमच्याकडे आधी डिलिव्हरी ठरते. मग तिथून मागे मागे यायचं... सजावट कधी, भाजायचा कधी, अंडी कधी आणायची."

मी खोक्याचं झाकण उलटं केलं आणि अगदी वर लिहिलं — शेवटचं वर्ष, आजोबांचा फोन. "आता सांगा, याच्या आधी काय लागतं?"

"चित्रं ओळखायला शिकवतात तो कोर्स."

"त्याच्या आधी?"

"मशीन लर्निंग. त्याच्या आधी..." तो थबकला. कान लाल झाले. "लिनिअर अल्जिब्रा, गणिताचा कोर्स. पहिल्याच सेमिस्टरला."

"आणि तो तुम्ही—"

"नाही घेतला. सकाळी आठला असतो. मला उठवत नाही हो!" मग हळूच म्हणाला, "म्हणजे चित्रांचा कोर्स मला मिळणारच नाही. मला तर तोच करायचा होता..."

"मला विचारा म्हणे!" मी खो खो हसले. आणि मग माझंच हसू मावळलं. सकाळी आठ म्हणजे दुकानात खोके भरायची वेळ. आईला हे पटणं शक्यच नव्हतं.

माझा चेहरा पडलेला त्याने पाहिला. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढून पुसला. "एक सुचवू? तो कोर्स मला आता तुमच्या वर्गात बसून करावाच लागणार. मी सहाला दुकानात आलो तर? चार हात लागले की काम लवकर उरकेल. मग बरोबरच जाऊ..."

"उठवत नाही म्हणालात ना?"

"उठायला काही कारण नव्हतं तोवर."

मी झाकण उचललं आणि घाईघाईने निघाले. छत्री तिथेच राहिली, ती द्यायला तो मागून धावत आला.

दुकानात मी आईला झाकणावरचा सगळा बेत समजावला आणि सकाळी मदतीला येणार म्हणून त्यालाही समोर उभं केलं. आईने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "आठवडाभर येऊन दाखव. मग बघू."

आणि आला की हो! रोज. डोळे अर्धवट मिटलेले, शर्टाची बटणं वरखाली. रिबनला अशी गाठ मारायचा की गिऱ्हाइकाला कात्रीच शोधावी लागावी. आजोबा त्याची पावलं ओळखायला लागले. "आला बघ तुझा मला-विचारा," म्हणून मला चिडवायचे. मी त्याला अरे-तुरे कधी करायला लागले, तेही आठवत नाही. एकदा माझ्या गालाला क्रीम लागलं होतं. त्याने ते बोटाने दाखवलं... नुसतं दाखवलं, पुसलं नाही. मी दिवसभर आरशात तोच गाल बघत होते. वेडी कुठली!

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी तो धावत आला, पण दारातच थांबला.

"चांगली बातमी आहे," तो म्हणाला. चेहरा मात्र पडलेला. "लिनिअर अल्जिब्राचा संध्याकाळचा वर्गही निघालाय. सकाळी दुकान, संध्याकाळी वर्ग... तुझं सगळं नीट बसतं. आता मी यायची... तशी गरज नाही."

डिग्रीची वाट मोकळी झाली होती! मी नाचायला हवं होतं. आणि मी आपली रिबनच्या रिळाकडे बघत उभी. गप्प बसला असता तर त्याचंच फावलं असतं. तरी त्याने सांगितलं. अशा माणसाला जाऊ कसं द्यायचं?

"संध्याकाळचा नको," मी म्हणाले. "संध्याकाळी दुकानात फार गर्दी असते."

"कसली गर्दी?" आतून आई ओरडली. "चारलाच संपतात आपले केक!"

आजोबांना हसता हसता ठसका लागला. आई हात पुसत बाहेर आली. "हे बघ, डिग्रीला माझी ना नाही. वर्ग सकाळचा घे नाहीतर संध्याकाळचा. पण त्या पोराला असं ताटकळत ठेवू नकोस. काय ते सांगून टाक!"

अगं बाई! आता पळायलाही जागा नव्हती. मी फळीवरून ते झाकण काढलं.

"आमच्याकडे आधी काय ठरतं?"

"डिलिव्हरी," तो म्हणाला.

आजोबांच्या फोनशेजारी मी लिहिलं — तू. अक्षर बरं आलं.

"शेवटच्या वर्षी मला हे दोन्ही हवंय. आता मागे मागे ये. याच्या आधी काय लागतं?"

त्याचे कान लालबुंद. "चार वर्षं... रोज सकाळी उठणं."

"उठशील?"

"उठेन."

"आणि त्याच्याही आधी?"

तो झाकणाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "त्याच्या आधी हे सांगणं, की तू मला आवडतेस. खूप. हातात केक घेऊन भांडत होतीस ना... तेव्हापासून."

"झालं का सांगून?" आतून आजोबा म्हणाले. "मग खोके भरा रे पोरांनो, गिऱ्हाईक येईल!"